दिवटे मॅडमचं व्हय

प्रियदर्शनी दिवटे यांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका माणसाला लग्नाचा होकार दिला, आणि त्या माणसाला तो कळलाच नाही. माणूस बहिरा नव्हता. निपाणीच्या स्टँडवर गोंगाट होता हे खरं, पण शब्द त्याच्या कानात नीट पडला होता. फक्त भलत्या भाषेत पडला. जिचा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला, इंग्रजी कवितांची दोन पुस्तकं जिच्या नावावर आहेत, तिच्याच बाबतीत हे व्हावं, याचा आनंद बेळगावजवळच्या वडगावातल्या आमच्या विणकर गल्लीला अजून आवरत नाही.

पण ही गंमत कळायची तर आधी पाचवीच्या वर्गात जाऊन बसावं लागेल.

शामू दिवट्याच्या घरात तेव्हा दोन माग होते. पोरगी सकाळी उठून बापाला कांड्या भरून द्यायची आणि मग शाळेला पळायची. त्या दिवशी उशीर झाला. वर्गात इंग्रजीचा पहिलाच आठवडा चाललेला, आणि ज्योतिबा मास्तरांना नवीन भाषेचा जोर चढलेला. दारातल्या पोरीला बघून ते गरजले, "व्हाय आर यू लेट?"

पोरीला त्यातला पहिला शब्द तेवढा ओळखीचा वाटला. सर आपल्याला 'व्हय?' असं विचारतायत, तर आपणही रीतीनं उत्तर द्यावं.

"व्हय सर."

"व्हाय?"

"व्हय."

"अगं, व्हाय?"

"व्हय की ओ सर! किती बारी सांगू?"

वर्ग बाकांवरून खाली आला. मास्तरांना वाटलं, पोरगी नकला करतेय. त्यांनी तिला बाहेर उभं केलं. ती घरी पोचायच्या आत गोष्ट गल्लीत पोचली, कारण शेजारच्या घरात नुकतीच सून होऊन आलेली बायाक्का होती. नळावर घागर भरेपर्यंत तिनं पोरीचं नवं नाव सगळ्यांना सांगून टाकलं: व्हाय. पुढं कित्येक वर्षं तिला गल्लीनं दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. "ए व्हाय, आई कुटं गेल्या तुजी?"

त्या संध्याकाळी पोरीनं मनात दोन गोष्टी ठरवल्या. एक, ही भाषा मास्तरांपेक्षा चांगली शिकायची. दुसरी, 'व्हय' हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. दोन्ही तिनं इतक्या जिद्दीनं पाळल्या, की आई मालुबाई हैराण झाली. "जेवतीस का?" म्हटलं की पोरगी "हो" म्हणायची. कपाळाला हात लावून मालुबाई म्हणायची, "हो म्हनं! पुन्याची हायस व्हय गं तू?" बाजारात तर तिचा तो 'हो' ऐकून भाजीवाल्या तिला पाहुणी समजून भाव वाढवून सांगायच्या.

इंग्रजी मात्र तिच्याजवळ आपणहून आली. कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजी कवितेचं वृत्त शिकवलं, तेव्हा बाकीच्या पोरी टेबलावर बोटं आपटून मात्रा मोजत होत्या आणि ही गालात हसत होती. एक हलका, एक जड, एक हलका, एक जड. ख-टॅक, ख-टॅक. हे तर घरचंच! जन्मापासून ती त्या ठेक्यावर झोपली होती, जेवली होती. माग थांबला की झोपेतून दचकून उठायची. पुढं धारवाडला एमए करताना वसतिगृहाच्या शांततेत तिला झोप येईना, तेव्हा तिनं तो ठेका कागदावर उतरवायला सुरुवात केली. कविता म्हणतात ती तिच्या हातून अशी झाली. पहिली कविता तिनं सुट्टीत आईला इंग्रजीतच वाचून दाखवली. मालुबाईला एक अक्षर कळलं नाही. सगळी ऐकून ती म्हणाली, "झ्याक चाललाय माग. मदी एका जागी धागा तुटला जनू." आणि मग स्वतःच पोट धरून हसली. पुढच्या प्रत्येक कवितेला हेच ठरलेलं वाक्य.

निपाणीच्या कॉलेजात नोकरी लागली. रोज सकाळी बेळगावहून बस, संकेश्वर मागं पडेपर्यंत एक डुलकी, आणि निपाणीच्या हवेतला तंबाखूचा वास नाकात शिरला की जाग. पहिल्याच तासाला दिवटे मॅडमनी एका पोराला प्रश्न केला, "व्हाय?"

पोरगा उभा राहिला. चिकोडीकडचा असावा. छाती फुगवून म्हणाला, "व्हय मॅडम!"

वर्गाला वाटलं, आता नवीन मॅडम ओरडणार. मॅडम खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी पाचवीतली गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून सदलग्यापर्यंतच्या पोरापोरींत बातमी पसरली, की निपाणीत एक इंग्रजीच्या बाई आहेत, त्यांच्यापुढं चुकायला भीती वाटत नाही.

त्या तासाचीच त्यांनी कविता केली. बाई विचारतायत 'का?' आणि सगळा वर्ग म्हणतोय 'होय', एवढंच तिच्यात आहे. कविता इंग्रजीत, आणि शीर्षक 'व्हाय'. बेंगळूरुच्या एका संमेलनात ती वाचली, तर एका मोठ्या समीक्षकानं उठून सांगितलं, की विश्वाच्या निरुत्तर मौनाला मानवानं दिलेला हा शरणागत होकार आहे. मॅडमनी मान खाली घालून आभार मानले. परत येताना रेल्वेत एकट्याच खुसखुसत बसल्या होत्या म्हणे.

आता एवढं सगळं असताना लग्न का राहिलं? गल्लीनं यावर भरपूर डोकं शिणवलंय. स्थळं यायची. पोहे व्हायचे. पाहुणे पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, "नोकरी सोडावी लागेल हं."

"का?" प्रियदर्शनी विचारायची.

"म्हणजे... आमच्यात तसं बरं दिसत नाही."

"का?"

पाहुण्यांचा दुसरा घास ताटलीतच राहायचा. भांडण नाही, उद्धटपणा नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. पण सरळ प्रश्नाला सरळ उत्तर असलेला नवरा काही बेळगाव जिल्ह्यात सापडेना. उरलेले पोहे बायाक्काच्या घरी जायचे. खाता खाता ती म्हणायची, "हिचं नावच व्हाय ठिवलं न्हवं, तितंच घोटाळा झाला. व्हय ठिवायला पायजे हुतं."

मालुबाई म्हणायची, "एवडं शिकून पोरीनं एकच शबुद घरला आनला, त्यो बी पावनं पळवून लावायला."

मग शामू गेला. माग विकले. स्थळं यायची थांबली आणि मॅडम केस पिकू देऊन मजेत राहिल्या. मजेत म्हणजे खरंच मजेत. शिकवायचं, लिहायचं, आईशी तंडायचं, बायाक्काची रोजची बातमीपत्रं ऐकायची. गल्लीला त्यांची दया यावी, अशी एकही संधी त्यांनी दिली नाही. हे थोडं खटकायचंच.

आणि मग नागेंद्र सर आले.

नागेंद्र सर वनस्पतीशास्त्राचे. गाव पार तिकडं तीर्थहळ्ळीजवळ, मलनाडच्या झाडीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बदलीनं निपाणीत आले ते एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात सुरंगीच्या रोपाची कुंडी घेऊन. मराठी शून्य. त्यांची कन्नड म्हणजे पुस्तकात छापल्यासारखी, स्वच्छ. मॅडमची कन्नड म्हणजे वडगावच्या बाजारातली, मराठीची फोडणी दिलेली. पहिल्या दिवशी मॅडम त्यांच्याशी पाच मिनिटं कन्नडमध्ये बोलल्या, तेव्हा त्यांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, ही कुठली भाषा म्हणायची?" तेव्हापासून दोघं इंग्रजीत बोलू लागले.

माणूस सरळ. इतका, की मॅडमची दोन्ही पुस्तकं वाचून त्यानं पहिलं वाक्य काढलं ते असं, "सतराव्या पानावर बहावा आषाढात फुललाय. तो फुलत नाही." मॅडम महिनाभर भांडल्या. कवितेत झाडानं कवीचं ऐकावं, असं त्यांचं म्हणणं. झाडाला कविता वाचता येत नाही, असं सरांचं. शेवटी मॅडमनी आपल्या प्रतीत आषाढ खोडून वैशाख लिहिला आणि त्यांना दाखवला. त्या दिवशी नागेंद्र सरांनी घरच्या कैरीच्या लोणच्याची बरणी आणून दिली.

एकदा सर म्हणाले, "तुमच्या भागातले लोक फार जिज्ञासू आहेत. साध्या साध्या गोष्टीचं कारण विचारतात."

मॅडमना वाटलं, कौतुक आहे. त्या म्हणाल्या, "थँक यू."

शनिवारी सर बेळगावला गाणं ऐकायला यायचे, ते मॅडमच्याच बसनं. बसचा कंडक्टर भरमू. भरमू म्हणजे बायाक्काचा सख्खा भाचा. त्यामुळं दोघांपैकी खिडकीत कोण बसलं, हत्तरगीला चहा कोणी आणला, कोण हसलं आणि किती वेळ, हे सगळं त्याच रात्री गल्लीत पोचायचं. "काल झाडवाल्या सरानं फणसाचे पापड आनलेते," बायाक्का मालुबाईला सांगायची, "तुज्या लेकीनं सा खाल्ले."

वर्ष असं छान गेलं. मग सरांच्या बदलीचा हुकूम आला. परत शिवमोग्ग्याला.

मंगळवारी संध्याकाळी ते मॅडमना सोडायला निपाणीच्या स्टँडवर आले. बस लागली होती, भरमू घंटीच्या दोरीशी उभा. सरांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, एक प्रश्न आहे. व्याकरण चुकलं तर सांगा. माझ्याशी लग्न कराल?"

व्याकरणात काही चूक नव्हती. होकाराला इंग्रजीत किती तऱ्हा आहेत, हे दिवटे मॅडम आयुष्यभर शिकवत आल्या होत्या. त्यातली एकही त्यांना आठवली नाही. छातीत जुना माग सुरू झाला, आणि पाचवीपासून कोंडून ठेवलेला शब्द टुणकन बाहेर आला.

"व्हय."

नागेंद्र सरांचा चेहरा गंभीर झाला. ते म्हणाले, "मला थोडा वेळ द्या. घाईनं बोलणं बरं नाही. विचार करून सांगतो."

बस सुटली. मॅडम खिडकीत दगडासारख्या बसल्या. विचारलं यानंच, होकार मिळाल्यावर विचार करणार हाच! भरमूनं बायकांचं फुकट प्रवासाचं तिकीट पुढं केलं. "मॅडम, झिरो."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. भरमू दोन पावलं मागं सरला.

घरी बायाक्कानं गोष्ट काढून घेतलीच. ऐकून ती उभीच राहिली. "अगं बया! बाजारात वांगी इचारल्यागत? दर सांगिटला की 'बगून येतो'?"

"जाऊ दे त्याला," मॅडम म्हणाल्या, आणि ताटावरून उठल्या. सरांच्या लोणच्याची बरणी ताटाशेजारी तशीच राहिली. हे मालुबाईनं बघितलं. स्थळं आली आणि गेली, पण लेकीचं जेवण कधी अडलं नव्हतं. तिनं बरणीचं झाकण तेवढं घट्ट लावून ठेवलं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. कॉलेजात सर कामाचा ताबा देण्यात गुंतलेले. समोर आले की नमस्कार करायचे आणि काहीतरी पाठ करत असल्यासारखे ओठ हलवत निघून जायचे. मॅडम नमस्कार परत करायच्या, वर बघायच्या नाहीत. शनिवारी रात्री बेळगावहून रेल्वेनं ते जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी सकाळी मॅडम वर्गात शिकवत होत्या. मन लागत नव्हतं, तरी शिकवत होत्या. सदलग्याची सौम्या म्हणून एक पोरगी खिडकीबाहेर बघत होती. तिला उठवून त्यांनी काहीतरी विचारलं. ती नुसतीच उभी. "व्हाय?" मॅडम म्हणाल्या.

"व्हय मॅडम," सौम्या दचकून म्हणाली.

वर्ग हसला. आता मॅडमही हसतील आणि पाचवीची गोष्ट सांगतील, म्हणून पोरं सरसावून बसली. पण मॅडमच्या हातातला खडू हवेतच थांबला.

"सौम्या, परत म्हण."

"चुकलं मॅडम."

"चुकलं नाही गं. परत म्हण."

"व्हय...?"

"अगं आई गं!" दिवटे मॅडम वर्गात मराठीत ओरडल्या आणि पर्स घेऊन धावत सुटल्या. 'व्हाय' नावाची कविता लिहिणारी बाई! समीक्षकांना उल्लू बनवणारी बाई! आणि स्वतःच्या तोंडातून काय निघालं, ते तिला कळू नये!

नागेंद्र सर खोली रिकामी करून निघून गेले होते. फोन बंद. तो नेहमीच बंद असायचा, कारण पानांचे फोटो काढून काढून ते बॅटरी संपवायचे. स्टँडवर भरमूची बस लागलेली.

"झाडवालं सर सकाळच्या बसनं बेळगावला गेलं," भरमूनं विचारायच्या आधीच सांगितलं. "दोन बॅगा आन ती कुंडी. बसा मॅडम, चालवायला सांगतो जोरात."

बस जोरात चालली, पण काकतीपर्यंत मॅडमना ती उभीच आहे असं वाटत होतं. बेळगावच्या स्टँडवर उतरून त्या स्टेशनाकडं रिक्षा ठरवत होत्या, तोच बायाक्काचा फोन. "दर्शे, आदी घरला ये. योक मानूस आलाय, कुंडी घिऊन. लई घामाघूम झालाय. तुजी आई त्येला सोडंना."

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दिवट्यांच्या दाराशी बायाक्का, खिडकीशी अर्धा वडगाव. मॅडम उंबऱ्याशी आल्या आणि तिथंच थांबल्या.

घराच्या पुढच्या सोप्यावर मालुबाई पाय पसरून बसलेली. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत नागेंद्र सर, मांडीवर कुंडी. सर आपल्या पुस्तकी कन्नडमध्ये मालुबाईला सांगत होते, "अम्मा, मी मुलीला मागणी घातली, तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, का? प्रश्न योग्य होता. मी फार विचार केला. पहिलं म्हणजे, त्यांना चूक दाखवली तर त्या महिनाभर भांडतात, पण मग सुधारतात. अशी माणसं मी पाहिली नाहीत."

मालुबाईला त्यातलं निम्मंच कळत होतं. पाहुण्याचा मान राखायचा म्हणून ती मान डोलवून म्हणाली, "व्हय..."

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "तेवढ्यानं पटत नाही? बरं. बसमध्ये कुणाला मळमळलं, तर त्या स्वतःची खिडकी देतात. मी तीनदा बघितलंय."

"व्हय व्हय," मालुबाई म्हणाली.

आता तर दोनदा 'का' विचारलं म्हातारीनं! सर खुर्चीच्या कडेला आले. "अम्मा, मी एकटा स्वयंपाक करतो. भात नेहमी उरतो. त्या विनोद सांगतात, तो मला घरी गेल्यावर कळतो, मग मी एकटाच हसतो. शेजारी बघतात."

"व्हय बाबा, व्हय."

उंबऱ्यावर मॅडमनी पदर तोंडात कोंबला होता. पुढं होऊन माणसाची सुटका करायला हवी होती, पण त्या थांबल्या. बाईला आयुष्यात पहिल्यांदा 'का'ची उत्तरं मिळत होती. कोण मधे पडेल?

सरांचे खांदे पडले. "आता माझ्याकडं कारण नाही, अम्मा. एकच राहिलं. त्या नसतील तर शनिवार आला काय आणि गेला काय, मला सारखंच."

हे मात्र मालुबाईला नीट कळलं. तिचे डोळे भरून आले. पुढं वाकून तिनं सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाली, "व्हय रं माज्या राजा."

"अजूनही का?" नागेंद्र सर रडवेले झाले.

मग मॅडमना हसू आवरलं नाही. त्या आत आल्या, आईशेजारी फतकल मारून बसल्या आणि त्या शब्दाचा अर्थ त्यांनी सरांना इंग्रजीत सांगितला. सर बोटांवर जुने प्रसंग मोजू लागले.

"म्हणजे निपाणीत मी 'चहा घेणार?' विचारलं की लोक म्हणायचे..."

"व्हय."

"आणि कंडक्टरला विचारलं, बस बेळगावला जाते?"

"व्हय."

सरांनी कुंडी हळूच खाली ठेवली. "म्हणजे मंगळवारी तुम्ही..."

"व्हय," दिवटे मॅडम म्हणाल्या.

या वेळी तो बरोबर भाषेत पोचला. खिडकीतल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. वडगावच्या बायकांना शिट्ट्या मारता येतात, हे त्या दिवशीच कळलं.

पण बायाक्का इतक्या पोह्यांची साक्षीदार. तिला पुढचं विचारल्याशिवाय कसं राहवेल? कंबरेवर हात ठेवून तिनं आपल्या बाजारी कन्नडमध्ये सरांना गाठलं. "आता ही नोकरी सोडून तुमच्यासंगं शिवमोग्ग्याला येणार की नाही?"

सरांनी गोंधळून इंग्रजीत विचारलं, "व्हाय?"

"व्हय म्हनतोय!" बायाक्कानं दाराबाहेर आरोळी ठोकली. "सोडनार गं बायांनो! मॅडम नोकरी सोडनार!"

खिडकीतल्या शिट्ट्या थांबल्या. कुणीतरी चुकचुकलं. मालुबाईनं लेकीकडं बघितलं. लेक मात्र डोळे मोठे करून समोरच्या माणसाकडं बघत होती. आजवर या सोप्यावर तो प्रश्न तिनं एकटीनं विचारला होता. पाहुण्यांच्या खुर्चीतून तो आज पहिल्यांदाच आला होता.

"आक्का, थांब गं," ती म्हणाली. पाचवीनंतर पहिल्यांदाच गल्लीनं तिला गल्लीच्या बोलीत बोलताना ऐकलं. "त्येनी व्हय म्हनलं न्हाईत. व्हाय म्हनलं."

"म्हंजी?"

"म्हंजी, कशाला सोडायची नोकरी? असं इचारायल्यात."

"असं व्हय!" बायाक्का म्हणाली, आणि खुर्चीतल्या माणसाकडं तिनं पहिल्यांदा नीट निरखून बघितलं.

"दर्शे," डोळे पुसत मालुबाई म्हणाली, "ऊठ, पोहे टाक. ह्यो खाऊन जाईल."

बायाक्का लगबगीनं सरांपुढं आली आणि तोंडापाशी घासाची खूण केली. "पोहे खानार न्हवं?"

नागेंद्र सर ताठ बसले. नवा शब्द त्यांनी तोंडात एकदा घोळवला, आणि मलनाडी सुरात, पूर्ण आत्मविश्वासानं म्हणाले, "व्हाय!"

बायाक्का आता इंग्रजी शिकली होती.

"कशाला काय, कशाला?" ती कडाडली. "खायाला!"